सालाची साक्ष : व्हिंटेज शॅम्पेनची जडणघडण

नाण्यावरचे साल टांकसाळीची ग्वाही देते, शिलालेखातले साल राजवटीची. मद्याच्या बाटलीवर छापलेले साल कशाची ग्वाही देते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. फ्रान्सच्या बहुतेक द्राक्षप्रदेशांत तो क्षुल्लकच आहे. बोर्दो किंवा बर्गंडी येथील वाइनवर साल असते ते धान्याच्या पोत्यावर हंगाम लिहावा तितक्या सहजपणे. शॅम्पेनचे तसे नाही. या प्रांतातून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य बाटल्यांवर कोणतेही साल नसते. अनेक वर्षांच्या वाइनी एकत्र करून त्या सिद्ध केलेल्या असतात आणि यंदाची बाटली मागील खेपेच्या बाटलीसारखीच लागावी, हे त्यांच्या कर्त्यांचे ध्येय असते. एखाद्या वर्षी मात्र पेढी ठरवते की, या वर्षाचे नाव झाकायचे नाही. मग त्या एकाच वर्षीच्या द्राक्षांची वाइन वेगळी काढली जाते, तळघराच्या अंधारात वर्षानुवर्षे ठेवली जाते आणि सालासकट बाजारात येते. तिला व्हिंटेज शॅम्पेन म्हणतात. तिच्यातल्याही ज्या मोजक्या बाटल्या पेढीची सर्वोच्च निर्मिती म्हणून ओळखल्या जातात, त्यांना तर राजमान्यतेची झळाळी लाभलेली आहे.

या बाटल्यांचे गुणगान करताना सर्व श्रेय भूमीला देण्याची प्रथा आहे. भूमीचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. तथापि या वाइनचा इतिहास पाहू लागले की एक निराळीच गोष्ट स्पष्ट होते. बाटलीवरचे साल हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो, आणि ज्या वर्षांना तो मान नाकारला गेला त्यांच्यामुळेच मान मिळालेल्या वर्षाला किंमत येते. हा नकार देण्याची शक्ती कशी निर्माण झाली, तिच्यासाठी कोणी काय सोसले आणि आज ती कितपत शिल्लक आहे, याचा शोध म्हणजेच व्हिंटेज शॅम्पेनच्या स्वभावाचा शोध होय.

१

पॅरिसच्या ईशान्येस, ४९ अक्षांशाच्या आसपास पसरलेला हा प्रांत द्राक्षवेलीच्या दृष्टीने जवळजवळ शेवटची सीमा होता. वर्षाचे सरासरी तापमान दीर्घकाळ १० ते ११ अंश सेल्सियसच्या घरात राहिले. एप्रिलमध्ये कोवळ्या डोळ्यांवर हिम पडावे, जूनमध्ये फुलोऱ्यावर पाऊस यावा आणि सप्टेंबरात घड पुरते पिकण्याआधीच थंडीची चाहूल लागावी, हा तेथला नित्याचा अनुभव. अशा हवेत द्राक्षात साखर कमी आणि आम्ल अधिक राहते. साधी वाइन करायची तर हा दोषच. परंतु हेच तीक्ष्ण आम्ल पुढे शॅम्पेनचा कणा ठरले.

जमिनीखाली खडू आहे. क्रिटेशस कालखंडात येथे समुद्र होता आणि त्यातील सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थर साचून हा पांढरा, सच्छिद्र दगड बनला. एक घनमीटर खडू ३०० ते ४०० लिटर पाणी धरून ठेवू शकतो. पावसाळी वर्षी तो जादा पाण्याचा निचरा करतो आणि कोरड्या वर्षी खोलवर गेलेल्या मुळांना पाणी पुरवतो. मुळांवाटे खडूची चव थेट द्राक्षात चढते, या समजुतीला वैज्ञानिक आधार नाही. खडूचे कार्य हे की, तो वेलीला ना उपाशी मारतो ना सुस्तावू देतो. शिवाय रँस शहराखाली रोमन काळापासून दगड काढून झालेल्या प्रचंड पोकळ्या आहेत. बाराही महिने सारख्याच गार राहणाऱ्या या पोकळ्या पुढे वाइनची तळघरे झाल्या. वर वेल पोसणारा आणि खाली बाटली सांभाळणारा दगड एकच, हे या प्रांताचे वैशिष्ट्य. येथील टेकड्या, पेढ्या आणि तळघरे यांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्याच्या मुळाशीही हे साहचर्य आहे.

फ्रान्सचे राजे रँसच्या कॅथेड्रलमध्ये अभिषिक्त होत, त्यामुळे येथील वाइनला दरबारी प्रतिष्ठा फार पूर्वी लाभली. पण ती वाइन फेसाळ नव्हती. हिवाळ्याच्या थंडीने आंबण्याची क्रिया अर्धवट थांबे आणि वसंतात ऊब लागताच पुन्हा सुरू होई. पिंपात किंवा बाटलीत त्या वेळी जो वायू कोंडला जाई, तो मठातल्या जाणत्या मंडळींना खोडीच वाटे. ओव्हिलेरच्या बेनेडिक्टिन मठात १६६८ पासून १७१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत कोठाराची व्यवस्था पाहणारे पिएर पेरिन्यों यांना आज फेसाळ वाइनचे जनक मानले जाते; वस्तुतः त्यांची खटपट बुडबुडे टाळण्यासाठीच होती. ती वाइन प्रथम चाखताना त्यांनी काढल्याचे सांगितले जाणारे उद्गारही पुष्कळ नंतरच्या काळातले आहेत. त्यांचे खरे कर्तृत्व वेगळ्या ठिकाणी आहे. निरनिराळ्या मळ्यांतली द्राक्षे कोणत्या प्रमाणात एकत्र केली असता एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघेल, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. एका मळ्याचे किंवा एका वर्षाचे वैगुण्य दुसऱ्याच्या गुणाने झाकणे हे शॅम्पेनचे मूळ तत्त्व झाले. पुढे याच मठवासीचे नाव ज्या बाटलीला मिळाले ती मात्र केवळ एकाच सालाची असते, हा इतिहासातला विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बुडबुड्यांना दोषाऐवजी गुण मानण्याचे श्रेय बऱ्याच अंशी इंग्लंडकडे जाते. तेथे कोळशाच्या भट्टीत तयार होणारी काच अधिक मजबूत असे आणि बुचाचाही वापर रूढ होता. क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याच्या व्यवहाराची नोंद आहे. फ्रान्समध्ये १७२८ साली पंधराव्या लुईने वाइन बाटल्यांतून वाहून नेण्यास परवानगी दिली आणि दुसऱ्याच वर्षी रुइनार ही पेढी स्थापन झाली. मोएत पेढीचा आरंभ १७४३ चा, क्लिकोचा १७७२ चा. मठाची वाइन पेढीची झाली ती अशी.

२

अठराव्या शतकातली शॅम्पेन हा धोक्याचा व्यवहार होता. बाटलीत किती वायू तयार होईल याचा नेम नसे. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटत, आणि एखाद्या वाईट वर्षी तळघरातला मोठा भाग काचेच्या ढिगाऱ्यात जमा होई. शालों येथील औषधविक्रेते झाँ-बातीस्त फ्रांस्वा यांनी १८३६ मध्ये वाइनमधील साखर मोजण्याची रीत दाखवून दिली. त्यानंतर हे नुकसान हळूहळू आटोक्यात आले. आज दुसऱ्या किण्वनासाठी लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घातली जाते आणि बाटलीत सुमारे सहा वातावरणांचा दाब तयार होतो.

दुसरी अडचण साक्याची. किण्वन संपल्यावर मेलेले यीस्ट बाटलीतच राहते आणि वाइन गढूळ दिसते. १८०५ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आतच वैधव्य आलेल्या बार्ब-निकोल क्लिको यांनी पेढीची सूत्रे हाती घेतली. १८१६ च्या सुमारास त्यांच्या तळघरात भोके पाडलेल्या फळ्यांवर बाटल्या उलट्या ठेवून त्या रोज थोड्या थोड्या फिरवण्याची पद्धत सिद्ध झाली. साका मानेशी जमतो, बूच काढताच दाबाने बाहेर फेकला जातो आणि वाइन स्वच्छ राहते. हे काम हातांनी करायचे तर काही आठवडे लागतात. यंत्राच्या पिंजऱ्यात आता ते सुमारे आठवड्याभरात होते. याच पेढीच्या परंपरेनुसार १८१० ची वाइन ही साल नोंदवलेली पहिली शॅम्पेन होय. १८११ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि द्राक्षेही उत्तम आली. ती वाइन नेपोलियनच्या पाडावाच्या काळात, १८१४ मध्ये, रशियात पोहोचली आणि धूमकेतूची वाइन म्हणून गाजली. लोकांनी एखादे साल त्याच्या नावाने लक्षात ठेवण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण.

तथापि त्या काळच्या रशियन सरदारांना सालातला फरक खरोखरच जाणवत असेल का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे; कारण त्यांच्यासाठी पाठवल्या जाणाऱ्या शॅम्पेनमध्ये लिटरमागे २०० ग्रॅमहून अधिक साखर असे. इतक्या गोडव्याखाली कोणत्याही वर्षाचा स्वभाव दबून जातो. इंग्रज ग्राहकाची आवड वेगळी होती. तो जेवणाबरोबर कोरडी वाइन मागे. लुईज पोमरी या आणखी एका विधवा व्यवसायकर्तीने १८७४ च्या द्राक्षांपासून जवळजवळ साखररहित अशी ‘ब्रूत’ शॅम्पेन केली आणि ती लंडनमध्ये प्रतिष्ठा पावली. या बदलाचा परिणाम केवळ चवीपुरता राहिला नाही. साखर कमी होताच कच्ची द्राक्षे, ओलसर हवेतला कुबट वास, अपुरे मुरणे हे सारे उघडे पडू लागले. साखरेचा पडदा दूर झाल्यावरच साल बोलू लागले, असे म्हणता येईल. आजच्या नियमाप्रमाणे ब्रूत शॅम्पेनमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असावी लागते, आणि श्रेष्ठ व्हिंटेज बाटल्यांत ती पुष्कळदा त्याच्या निम्म्याहूनही कमी असते.

३

बाटलीवरच्या सालाची साक्ष विश्वसनीय ठरायची, तर आधी बाटलीवरचे नाव खरे असायला हवे. शॅम्पेन या नावाचा मालक कोण, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी रक्त तापवणारा ठरला. १८९० पासून मार्न जिल्ह्यात फायलोक्सेरा या किडीने वेलींची मुळे पोखरण्यास सुरुवात केली. पाठोपाठ नापिकीची वर्षे आली, आणि १९१० चा हंगाम तर जवळजवळ पूर्णच बुडाला. गावोगावचे द्राक्षबागायतदार कर्जात रुतले असताना काही व्यापारी मात्र दूरच्या प्रांतांतला रस रेल्वेने आणून त्याचीच शॅम्पेन करत होते. १९०८ मध्ये शासनाने शॅम्पेन प्रदेशाची सीमा आखली, पण दक्षिणेकडील ओब जिल्हा तिच्याबाहेर ठेवला. त्यामुळे ओबचे बागायतदार खवळले. आणि ही सीमाच रद्द करण्याकडे पॅरिसच्या सीनेटचा कल दिसताच मार्नचे बागायतदारही उठले. एप्रिल १९११ मध्ये आय गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटवल्या गेल्या, पिंपे फोडली गेली आणि रस्त्यांतून वाइनचे लोट वाहिले. हजारो सैनिक आणून ठेवावे लागले. त्याच वर्षीची द्राक्षे मात्र अप्रतिम निघाली. १९११ ची शॅम्पेन जाणकारांनी पुढे दीर्घकाळ वाखाणली. तिच्या वेलींभोवती संगिनींचा पहारा होता, याची आठवण त्या वाखाणणीत क्वचितच आढळते.

तीन वर्षांनी महायुद्ध आले. सप्टेंबर १९१४ पासून रँसवर तोफांचा मारा सुरू झाला. माणसे खडूच्या तळघरांत राहू लागली. तेथेच शाळा भरल्या, तेथेच उपचार झाले. पुरुष आघाडीवर असल्याने त्या वर्षीची तोडणी स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांनी तोफांच्या टप्प्यात राहून केली, आणि १९१४ ही देखील शतकातल्या नामवंत सालांपैकी एक ठरले. सीमेचा वाद १९२७ च्या कायद्याने मिटला आणि ओबला पूर्ण हक्क मिळाला. १९४१ मध्ये जर्मन ताब्याच्या काळात मोएत पेढीचे रोबेर-झाँ द व्होग्युए आणि बागायतदारांचे प्रतिनिधी मोरिस दुआयार यांच्या पुढाकाराने पेढ्या व बागायतदार यांची संयुक्त समिती स्थापन झाली. तिने ताबेदार सत्तेशी सौदा करताना प्रांताचे हित राखले; द व्होग्युए यांना १९४३ मध्ये अटक होऊन छळछावणी भोगावी लागली. द्राक्षाचा भाव, तोडणीचा मुहूर्त, उत्पन्नाची मर्यादा यांबाबतची शिस्त त्यानंतर पक्की होत गेली. आजही प्रदेशातील सुमारे ३४,००० हेक्टर द्राक्षक्षेत्रापैकी बहुतेक जमीन बागायतदारांच्या मालकीची आहे, तर विक्रीचा मोठा भाग पेढ्यांच्या हाती आहे. त्यांच्यातला तोल हा शॅम्पेनच्या चवीचाही एक घटक मानावा लागेल.

नावाच्या या लढ्याशी महाराष्ट्राचाही एक धागा जुळतो. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या उद्योगाने फ्रेंच तंत्रसाहाय्य घेऊन पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे बाटलीत दुसरे किण्वन होणारी फेसाळ वाइन केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी धाडली. पुढे मोएतच्या समूहाने नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीत निर्मिती सुरू केली, तेव्हा त्या फ्रेंच मालकांनी स्वतःच्या वाइनलाही शॅम्पेन म्हटले नाही. पद्धती प्रवास करू शकते, नाव करू शकत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. फरक हवेतही आहे. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी करून बागायतदार हंगाम स्वतः ठरवतो, आणि तोडणी जानेवारी ते मार्चच्या उन्हात होते. शॅम्पेनमध्ये छाटणी माणसाची असली तरी मुहूर्त हिवाळ्याचा असतो. तेथे साल माणसावर येऊन पडते.

४

श्रेष्ठतम बाटली वेगळी काढण्याची कल्पना राजदरबाराच्या सावलीत जन्मली. १८७६ मध्ये लुई रोदरेर पेढीने झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी पारदर्शक काचेच्या, सपाट बुडाच्या बाटलीत विशेष शॅम्पेन भरली. तिचेच नाव क्रिस्टाल. १९१७ च्या क्रांतीने हा ग्राहक नाहीसा झाला, आणि ती बाटली सर्वसामान्य बाजारात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. दों पेरिन्योंची कथा याउलट मंदीच्या काळातली आहे. मोएत पेढीने १९२१ च्या द्राक्षांची शॅम्पेन जुन्या घाटाच्या बाटलीत भरून १९३६ मध्ये विक्रीस आणली. राजा गेल्यानंतर राजेशाही वस्तू कोणाला विकायची, या प्रश्नाला हे आधुनिक उत्तर होते. जगभरच्या श्रीमंत ग्राहकाला एक नाव, एक साल आणि एक मठवासी यांची कहाणी एकत्र मिळाली.

नकाराची परंपरा सर्वात कठोरपणे पाळली ती सालों या छोट्या पेढीने. एजेन-एमे सालों यांनी एकच गाव, ल मेनिल-स्युर-ओजे, आणि एकच जात, शार्दोने, एवढ्यावरच वाइन करायची ठरवली. १९०५ ची पहिली वाइन स्वतःपुरती होती; बाजारात आले ते १९२१ चे साल. वर्ष पसंत नसेल तर त्या वर्षी पेढीच्या नावाने काहीच निघत नाही. संपूर्ण विसाव्या शतकात या पेढीने केवळ ३७ साले जाहीर केली. उरलेल्या वर्षांचे मौन हेच तिचे भांडवल.

या विचाराला उत्तरही शॅम्पेनमध्येच आहे. १८४३ मध्ये स्थापन झालेल्या क्रुग पेढीची प्रमुख बाटली दहाहून अधिक वर्षांच्या शंभरावर वाइनींच्या मिश्रणातून घडते आणि तिच्यावर साल नसते. साल हे श्रेष्ठतेचे एकमेव प्रमाण नाही, असे या बाटलीचे म्हणणे. पण हीच पेढी ल मेनिल गावातल्या १.८४ हेक्टरच्या भिंतबंद मळ्याची १९७९ पासून एकाच सालाची स्वतंत्र वाइनही काढते. एकाच छताखाली हे दोन्ही पक्ष नांदतात. विविधता एकजीव करण्यात श्रेष्ठ कला आहे की विशेष उघडा ठेवण्यात, या वादाचा निकाल न लागणेच शॅम्पेनच्या हिताचे ठरले आहे.

५

व्हिंटेज बाटलीचा स्वभाव घडतो तो अनेक टप्प्यांनी. द्राक्षे हातांनीच तोडावी लागतात. कारण पिनो न्वार आणि म्युनिए या काळ्या जातींचा पांढरा रस हवा तर घड अखंड राहून हळुवार दाबला गेला पाहिजे. ४,००० किलो द्राक्षांतून नियमाप्रमाणे २,५५० लिटरच रस घेता येतो, आणि त्यातला पहिला २,०५० लिटर हाच उत्तम प्रतीचा. हिवाळ्यात प्रत्येक मळ्याची वाइन वेगवेगळी मुरते. वसंताच्या तोंडाशी तळघरप्रमुख शेकडो नमुने चाखून मिश्रण ठरवतो. पिनो न्वारने बांधा येतो, म्युनिएने फळांचा मऊपणा, शार्दोनेने धार आणि दीर्घायुष्य. व्हिंटेजसाठी त्याला फक्त त्या वर्षाचीच वाइन वापरता येते. मागील वर्षांच्या राखीव वाइनचा आधार नसतो. म्हणून हा निर्णय घेताना तो खरोखर एकटा असतो. शिवाय कोणत्याही हंगामातला ८० टक्क्यांहून अधिक माल सालाच्या नावाने विकता येत नाही. काही भाग भावी वर्षांसाठी राखावाच लागतो. चांगल्या वर्षानेही वाईट वर्षांचे ऋण फेडावे, असा हा नियम आहे.

यानंतरचे काम काळाचे. कायद्याने व्हिंटेज शॅम्पेन किमान तीन वर्षे तळघरात राहिली पाहिजे. श्रेष्ठ बाटल्या आठ-दहा वर्षेही राहतात. या अवधीत मेलेले यीस्ट हळूहळू विघटित होते आणि त्याची द्रव्ये वाइनमध्ये उतरतात. भाजलेल्या पावाचा, बदामाचा, कधी लोण्याचा जो वास जुन्या शॅम्पेनला येतो, त्याचे मूळ या साक्यात आहे. साका असेतो तो वाइनला प्राणवायूच्या आघातापासून जपतोही. साका काढला की वाइनचे दुसरे, उघड्यावरचे आयुष्य सुरू होते. म्हणून जाणकार दोन तारखा पाहतात, तोडणीची आणि साका काढल्याची. एकाच सालाची वाइन आठ वर्षांनी साका काढून एकदा आणि सुमारे पंधरा वर्षांनी पुन्हा एकदा बाजारात आणण्याचा दों पेरिन्योंचा प्रघात हेच दाखवतो की, साल एक असले तरी त्याची साक्ष एकच नसते. वय वाढले की ती बदलते.

आस्वादासाठी फार अवडंबर लागत नाही. अतिथंड बाटली मुकी असते. १० ते १२ अंशांवर ती बोलू लागते. पसरट प्याल्यात वास उडून जातो आणि अतिअरुंद प्याल्यात तो कोंडतो. मध्ये फुगीर आणि तोंडाशी निमुळता पेला सोयीचा. प्रथम आम्लतेकडे लक्ष द्यावे. ती टोचते आहे की साऱ्या चवींना उभे धरते आहे, यावर त्या वाइनचे आयुष्य अवलंबून असते. मग घोट गिळल्यानंतर काय उरते ते पाहावे. तरुणपणी लिंबू आणि हिरवे सफरचंद, पुढे मध, सुके अंजीर, भाजलेला सुकामेवा. आणि अखेरीस जिभेवर खडूच्या पिठासारखी एक कोरडी, किंचित खारट जाणीव. फेस हा या सगळ्याचा वाहक आहे, आशय नव्हे. वीस-तीस वर्षांनी फेस मंदावलेली उत्तम शॅम्पेन हे ज्याला कळले, त्याला ही वाइन कळली असे म्हणावे.

६

सालांचे स्वभाव किती भिन्न असतात हे तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल. १९९६ मध्ये साखर आणि आम्लता दोन्ही एकदम उंचावर गेल्या. त्या वर्षाची आरंभी अतोनात स्तुती झाली. पुढे काही बाटल्या भव्य होत गेल्या, तर काहींतला फळांचा अंश ओसरून नुसते आम्ल मागे उरले. २००३ मध्ये एप्रिलच्या हिमाने शार्दोनेचे मोठे नुकसान केले, त्यानंतर उष्णतेची लाट आली आणि तोडणी ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली. १८२२ नंतर इतकी लवकर ती कधी झाली नव्हती. दों पेरिन्योंने हे साल जाहीर केले, सालोंने नाकारले. दोन्ही निर्णय प्रामाणिक होते. एकाने असामान्य वर्षाची नोंद ठेवणे हे कर्तव्य मानले, दुसऱ्याने आपल्या स्वभावाशी न जुळणारे वर्ष स्वीकारले नाही. २००८ हे थंड, संथ, जुन्या धाटणीचे वर्ष. त्याची दों पेरिन्यों इतकी सावकाश उमलली की २००९ ची बाटली तिच्याआधी बाजारात आली.

२००३ चा अपवाद आता अपवाद राहिलेला नाही. त्यानंतर ऑगस्टमधली तोडणी वारंवार घडू लागली आणि प्रदेशाचे तापमान गेल्या काही दशकांत अंशाहून अधिक वाढले. पूर्वी दशकात तीन-चार वर्षे जेमतेम पिकत. आता बहुतेक वर्षी द्राक्षे सहज पिकतात, आणि चिंता उलट आम्लता टिकवण्याची असते. २००२ ते २००६ अशी ओळीने पाच साले दों पेरिन्योंने जाहीर केली. त्या बाटलीच्या इतिहासात असे आधी घडले नव्हते. हवामानाने नकाराची सक्ती दूर केली आहे, आणि बाजार तर नकार मागतच नाही. त्याला दर वर्षी एक श्रेष्ठ बाटली हवी. यापुढे नकार द्यायचा झाल्यास तो तळघरप्रमुखाला स्वतःच्या विवेकावर द्यावा लागेल.

सालाच्या साक्षीत आणखी एक कलम घालावे लागते. सप्टेंबर २०२३ च्या तोडणीला आणलेल्या, प्रामुख्याने पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या हंगामी मजुरांना अमानुष अवस्थेत ठेवल्याचे उघडकीस आले आणि २०२५ मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्या प्रकरणात मानवी तस्करीच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा सुनावल्या. द्राक्षे हातांनीच तोडायची, हा नियम चवीच्या रक्षणासाठी झाला. ते हात कोणाचे आणि कोणत्या स्थितीत, हे मात्र बाटलीवर कोठेही छापलेले नसते. १९११ चे संतप्त बागायतदार आणि १९१४ ची तोफांखाली घड तोडणारी मुले यांच्या पंक्तीत या मजुरांनाही स्थान द्यावे लागेल.

व्हिंटेज शॅम्पेनचा गौरव करायचा तो हे सारे ध्यानी घेऊन. खडूने पाणी राखले, थंडीने आम्ल राखले, तळघराने काळ राखला. परंतु अमुक वर्ष बोलण्यास योग्य आहे आणि अमुक नाही, हे सांगण्याची जबाबदारी यांपैकी कोणी घेतली नाही. ती माणसांनी घेतली आणि अनेकदा तोटा सोसून निभावली. ज्या दिवशी प्रत्येक वर्ष थोर ठरू लागेल, त्या दिवशी बाटलीवरचे साल केवळ तारीख उरेल. साक्ष देण्याचा अधिकार त्यालाच असतो, ज्याला प्रसंगी मौन पाळता येते.